नावाचा पत्रा

१

सकाळी अकराला नळाचं पाणी गेलं की मी लालासाहेबांकडं चहा घेऊन जायची. कुणी सांगितलं नव्हतं. पण एकटा माणूस, बायको गेलेली, मुलगा परदेशात. आणि खरं सांगायचं तर त्यांच्या घरात दिवसभर ठोकाठोकी कसली चालते ते बघितल्याशिवाय मला चैन पडत नव्हतं. आमची गल्ली माधवनगरात, बंद पडलेल्या गिरणीच्या मागं. लालासाहेबांचं घर अगदी शेवटचं, गिरणीच्या भिंतीला टेकलेलं. माणूस मूळचा उंब्रजचा, मुंबईच्या गोदीत पस्तीस वर्षं पत्रा कापलेला. दोन वर्षांपूर्वी इथं येऊन राहिला.

पहिल्यांदा आत गेले तेव्हा बाहेरच्या खोलीत ना खाट, ना टीव्ही. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक टेबल आणि त्यावर फासळ्याच फासळ्या. मला वाटलं, एवढा मोठा मासा यांनी कुठून आणला!

"जहाज हाय, बनूताई," ते हसले. "सव्वाशे वर्षामागची विलायती विनाशिका. अगदी पयल्या पिढीतली."

"लढाईचं? आणि इतकं निमुळतं?"

"सगळा जीव पळण्यात. शत्रूच्या टॉर्पेडो सोडणाऱ्या बारक्या होड्या पकडायला काढली. सरकार निस्तं म्हणायचं, तासाला इतकं पळालं पायजे. कसं, ते कारखानदारानं बघायचं. मग त्यानं काय केलं? वजन काढलं. कुठनं काढलं? पत्र्यातनं. तुमचं जेवायचं ताट असतंय न्हवं, त्येच्यापेक्षा थोडाच जाड. नाकाडावर कासवाच्या पाठीवानी झाकण, म्हंजी लाट वरनं निघून जावी."

"आणि आतली माणसं?"

"आतल्या माणसांचं काय," ते म्हणाले आणि चहा बशीत ओतला.

त्या दिवसापासून मी रोज जायला लागले. माणूस बोलायला गोड. गल्लीतल्या सगळ्या बातम्या मी त्यांना सांगायची, आणि ते मान डोलवत ऐकायचे. असं माझं कुणी ऐकत नाही. आमचे हे तर पेपर तोंडावर धरतात.

२

फासळ्यांवर पत्रा चढवायची वेळ आली तेव्हा लालासाहेबांनी मला एक काम सांगितलं. जुनी भांडी पाहिजेत. ताटल्या, वाट्या, तांब्ये, काहीही. स्टील असो, पितळ असो.

"दुकानात नवा पत्रा मिळतो की, काका."

"नवा पत्रा ऐकत न्हाई. हाताखालनं गेलेला पायजे. आन् नाव घातलेला पायजे."

"नाव कशाला?"

"गोदीत दर पत्र्याला खूण असती, बनूताई. कुठला पत्रा कुठं बसायचा ती. नावाचा पत्रा जागा चुकत न्हाई."

मला पटलं. का नाही पटणार? आपल्याकडं भांडं घेतलं की आधी नाव घालतो. लग्नात दिलं तर देणाऱ्याचं आणि घेणारीचंही. कुठल्या कार्यात कुणाचं ताट कुणाच्या घरी जाईल, सांगता येत नाही. मी पिशवी घेऊन गल्ली फिरले. म्हाताऱ्या दगडाबाईंनी ताट दिलं. शेजारच्या रंगूनं एक ताटली दिली. दोन-तीन घरांनी तर जागा मोकळी होईल म्हणून आनंदानं दिली. नाही म्हणाली ती एकटी सुगराबी.

"नाव घातलेलं भांडं आमी मोडीत सुदिक घालत न्हाई," ती दारातूनच म्हणाली. "नाव हाय ते. माणूस हाय."

"जहाजाला लावणार आहेत गं. शोभेला."

"मग त्येंच्या नावाची भांडी न्हाईत का त्येंच्याकडं?"

मला राग आला. जरा आखडूच आहे, असं मी रंगूला सांगितलंसुद्धा. रंगू हसली. रंगू म्हणजे आमच्या मधली भिंत सामाईक, वीस वर्षांची. तिच्याकडं काही केलं की वाटी माझ्याकडं, माझ्याकडं केलं की डबा तिच्याकडं. आणि भांडं रिकामं परत द्यायचं नाही, ही आमच्यात पद्धत. साखर तरी घालायची. त्यामुळं तिचं एखादं भांडं कायम माझ्या फळीवर, माझं तिच्या. माझ्या आईनं लग्नात दिलेली पितळी वाटी संक्रांतीपासून तिच्याकडंच होती. 'बनुबाई' एवढंच नाव, आईनं स्वतः उभं राहून घालून घेतलेलं. मी मागितली नव्हती. कशाला मागायची? भिंतीपलीकडं तर होती.

३

पहिल्यांदा दगडाबाईंच्या ताटाचा पत्रा बसला. मी बघत होते. लालासाहेबांनी कात्रीनं नावाचा तुकडा कापला, हातोडीनं वाकवला आणि नाव आतल्या बाजूला ठेवून बारक्या रिबिटांनी फासळ्यांवर ठोकला.

"नाव बाहेर ठेवा की. दिसंल तरी."

"बाहेर बांधणाऱ्याचं नाव असतंय, पितळी पाटीवर. बाकीची आत."

त्याच आठवड्यात दगडाबाई ओट्यावर बसून कानात बोट घालून हलवत होत्या.

"दडे बसल्यात गं. घाटात गेल्यावानी."

मी हसले. ऐंशी वर्षांची बाई, आयुष्यात घाट बघितलेला नाही. दडे कसे बसतात ते मला ठाऊक. गल्लीची सहल महाबळेश्वरला गेली होती तेव्हा अर्धा घाट मी बहिरी होते. मी त्यांच्या कानात तेल घातलं. मळ असेल.

दोन दिवसांनी त्यांनी विचारलं, "दिसभर फावडं कोण ओढतंय गं फरशीवरनं?"

गिरणीचा मलबा उचलत असतील, मी म्हणाले. पण गिरणीत कुणीच नव्हतं. मी जाऊन बघून आले. मला बघितल्याशिवाय राहवत नाही.

मग पायांची आग. वैशाखात होते तशी नाही, तळव्यांना फोड. बाई ओट्यावरून उतरत नव्हती आणि फोड चटका बसल्यासारखे. डॉक्टर म्हणाले, साखर वाढली असेल. एके दिवशी भर दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या त्या गेल्या. हृदय, डॉक्टर म्हणाले. वय झालंच होतं. मीही तेच सगळ्यांना सांगत होते.

फक्त आंघोळ घालताना मी त्यांचं नाक पुसलं, तर फडकं काळं झालं. आमच्या गल्लीत आता चूल कुणाकडं नाही.

४

तेरावं झाल्यावर मी पुन्हा चहा घेऊन गेले. जहाज अर्धं झाकलं होतं. वरच्या डेकवर आठ आण्याच्या नाण्याएवढी दोन गोल झाकणं होती, बारीक बिजागऱ्या लावलेली. मी बोटानं उघडायला गेले, तर लालासाहेबांनी माझा हात धरला. एरवी कधी अंगाला हात न लावणारा माणूस.

"काय आहे ते?"

"भट्टीखोल्या. बॉयलर. कोळसा ओढणारी माणसं खाली असायची." ते सावकाश सांगायला लागले, दुसऱ्या कुणाची तरी गोष्ट असावी तसं. "वेग पायजे म्हंजी आग पायजे. आगीला वारा. मग पंख्यानं वारा त्या खोलीत कोंडायचा, आन् वरची झाकणं घट्ट लावायची. वाऱ्याला एकच वाट ठेवायची, भट्टीतनं. माणसं आत तशीच."

"जीव घाबरत नसेल?"

"पयल्यांदा कानात दडे बसायचे. मग सवय व्हायची."

मी कप घेऊन तशीच उभी राहिले. मग स्वतःला म्हणाले, बने, दगडाबाईंच्या कानाचं तूच यांना सांगितलं असशील. तू काय सांगत नाहीस? ते ऐकलेलं त्यांच्या बोलण्यात आलं. एवढंच.

"त्या माणसांची नावं कुठं लिवलेली न्हाईत," लालासाहेब म्हणाले. "जहाजाचं नाव हाय, कारखानदाराचं हाय, कप्तानाचं हाय. वेगाचा आकडा सुदिक हाय. खालच्यांची न्हाईत."

निघताना मी टेबलावर बघितलं. कात्रीजवळ रंगूची ताटली होती. तिच्यातला नावाचा तुकडा कापून झाला होता.

५

रंगूला दडे बसले गुरुवारी. तिनं सांगायच्या आधी मला कळलं, कारण ती भिंतीपलीकडून नातवंडांशी ओरडून बोलायला लागली. शुक्रवारी तिनं विचारलं, "तुझ्याकडं काय खरडत्यात गं?" शनिवारी ती अनवाणी उभी राहीना.

मी चहा न घेताच गेले.

"काका, रंगूचा पत्रा काढा."

त्यांनी का म्हणून विचारलं नाही. तिथंच मला पहिल्यांदा धस्स झालं. मला पाहिजे होतं की त्यांनी हसावं, खुळी हायस म्हणावं.

"भोक ठिवून जहाज ऱ्हात न्हाई," ते म्हणाले. "बदली पत्रा आणा. नावाचा."

"माझ्या सासूबाईंचा तांब्या आहे. त्या गेल्या, त्यांना काय फरक पडतोय?"

"गेलेल्याचं चालत न्हाई. लावून बघितलंय." ते जहाजाच्या शेपटाकडं बघत होते. "बायकोचं लावलं व्हतं, पयल्यांदा. गळलं."

तिथं, आत, लाकडावर एक जुना ओला डाग होता. खोलीत पाण्याची बादलीसुद्धा नव्हती.

मी घरी आले आणि सगळं रंगूला सांगितलं. शब्द न् शब्द. ती रडली. मी तिचे तळवे ताकानं पुसले आणि म्हणाले, "घाबरू नको. मी सांगलीला जाते. भांड्यांच्या दुकानात एक वाटी घेते आणि जन्मालाच न आलेल्या बाईचं नाव घालून आणते. ठोकू दे त्याला."

"व्हय गं बने," ती म्हणाली. "तुझ्याशिवाय माझं कोण हाय?"

दुकानात नाव घालणाऱ्यानं मशीन हातात घेऊन विचारलं, "काय घालू, मावशी?" आणि मला नावच सुचेना. जे सुचेल ते कुणाचं तरी निघायचं. मैत्रिणीचं, भाचीचं, शाळेतल्या बाईंचं. शेवटी 'अमुकबाई' घाल म्हणाले. तो हसायला लागला. मीही हसले. बस पकडून परत आले तेव्हा चार वाजले होते.

रंगू दारात पायपोसावर अनवाणी उभी राहून कपडे वाळत घालत होती. गुणगुणत होती.

"गेले गं दडे!" ती म्हणाली. "मीच जाऊन आले लालासायबांकडं. दिलं एक जुनं भांडं."

"कुणाचं?"

"असंच. पडून व्हतं."

मला इतका आनंद झाला की मी तिला मिठीच मारली. अमुकबाईची वाटी मी पिशवीतच ठेवली. दुसऱ्या दिवशी ती खीर घेऊन आली. बदाम घातलेली. वाटी कोरी करकरीत. मी सवयीनं खाली बोट फिरवलं. नाव नव्हतं.

६

सोमवारी सकाळी नळाला उभी असताना माझ्या कानात दडे बसले.

मी जांभई दिली. नाक दाबून हवा फुंकली. घाटात कंडक्टरनं सांगितलं होतं तसं थुंकी गिळली. सर्दी झाली असेल. वय झालं. बी.पी. असेल. आमच्या ह्यांना म्हणाले तर ते पेपरामागून काहीतरी बोलले. ऐकू आलं नाही. ऐकू आलं ते दुसरंच. लांब कुठंतरी, खाली, लोखंड फरशीवरून ओढल्यासारखं. खर्र. थांबायचं. खर्र.

मी चप्पल न घालता रंगूच्या दारात गेले.

"रंगे, माझी वाटी दे."

"कंची?"

"आईची. पितळी. संक्रांतीला तिळगूळ घालून दिली होती ती."

ती तांदूळ निवडत होती. मान वर केली नाही.

"फुटली गं ती."

"पितळेची वाटी फुटते?"

तिचं बोट ताटात एका खड्यावर थांबलं. तो खडा तिनं काढला नाही, तिथंच फिरवत राहिली.

"तू म्हणालीस, बदली लागतो. गेलेल्याचा चालत न्हाई. तूच म्हणालीस."

"मी तुझ्यासाठी वाटी आणायला गेले होते!"

"ती चालली नसती तर?" आता तिनं वर बघितलं. "मला दोन नातवंडं हायत, बने. लेकरांची आय कामाला जाती. तुला..."

मला मूल नाही, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. पण वीस वर्षांत ते तोंडावर आणलं नव्हतं ते एकट्या रंगूनं. त्या दिवशीही आणलं नाही. अर्ध्यावर थांबली. अर्ध्यावर थांबणं जास्त लागलं.

७

लालासाहेब ओट्यावर ऊन खात बसले होते. मला बघून ते उठले नाहीत, अडवलंही नाही. मी आत गेले. दुपारचे बारा. खिडकीतून ऊन टेबलावर पडलं होतं आणि जहाज सगळं बंद झालं होतं. कुठंच फट नाही. कासवाच्या पाठीसारखं नाकाड, चार बुटकी धुराडी, आणि बाजूला पितळी पाटी: लालासाहेबांचं नाव, मोठ्या अक्षरांत, बाहेर.

धुराड्यावर हात धरला. गरम. ऊन तिथवर पोचत नव्हतं.

मी मोबाइलची बॅटरी लावली आणि नखानं एक झाकण उचललं. फुस्स करून वारा डोळ्यात आला, कढईवरचं झाकण काढल्यासारखा. डोळा पुसून मी पुन्हा वाकले. आत बोटभर खोली. असायला बोटभरच पाहिजे. पण उजेड खाली जात राहिला, जात राहिला, मग कुठंतरी पोचला आणि मला आईनं घालून घेतलेली अक्षरं दिसली. ब. नु. पिवळी, भट्टीच्या उजेडात दिसतात तशी हलणारी. माझा हात हलत नव्हता.

मग 'नु' दिसेना. परत दिसला. 'ब' दिसेना. परत दिसला.

अक्षरांच्या आणि माझ्या मधून कुणीतरी येत-जात होतं. वाकून. काहीतरी ओढत. एकदा ते थांबलं, आणि मला वाटलं, उजेड कुठून येतोय ते बघायला ते मान वर करणार.

झाकण मी लावलं नाही. ते आतून ओढलं गेलं.

"बरं झालं," बाहेरून लालासाहेब म्हणाले. "वारा जात व्हता."

"माझं काढा," मी म्हणाले. माझा आवाज मलाच लांबून आला. "काका, दोन वर्षं मी तुम्हाला चहा दिला. सगळी गल्ली तुम्हाला सांगितली."

"म्हणून तर सगळी सापडली, बनूताई." ते प्रेमानंच म्हणाले. "भोक ठिवून जहाज ऱ्हात न्हाई. बदली आणा."

पिशवीतली अमुकबाईची वाटी मी त्यांच्यापुढं धरली. त्यांनी नावावरून अंगठा फिरवला, पोकळ भांड्यावर वाजवतात तशी एक टिचकी मारली आणि परत माझ्या हातात दिली.

८

घरी येऊन मी फळीवरची सगळी भांडी खाली काढली. चौकस बाईच्या घरी लोकांची भांडी फार. दारात जायचं, बोलायचं, काहीतरी घेऊन यायचं, ही माझी रीत. मी शेंगदाण्याची चटणी कुटली, भडंग केलं आणि एक एक भांडं भरून ज्याचं त्याच्या घरी पोचवलं. चालवत नव्हतं, तळव्यांखाली तवा असावा तसं. तरी पोचवलं. एकाही बाईला मी आत येऊन बसते म्हणाले नाही. सगळ्यांना नवल वाटलं.

सुगराबीचा वाडगा शेवटी दिला. तिनं आधी वाडग्याखालचं नाव बघितलं, मग माझ्याकडं बघितलं.

"नाक पूस," ती हळूच म्हणाली आणि स्वतःचा पदर पुढं केला. पुसून झाल्यावर तिनं तो मला न दाखवता आत दुमडला.

आता फळीवर एकच भांडं आहे. उभा, स्टीलचा डबा. दिवाळीला चकल्या घालून आला होता. त्यावर ठिपक्याठिपक्यांनी लिहिलंय: सौ. रंगुबाई. मी तो राखेनं घासलाय. राख कुठून आली, ते मी बघितलं नाही. पहिल्यांदाच काहीतरी बघितलं नाही.

मघाशी भिंतीवर टकटक झाली. फावड्याच्या खरखरीतूनही मला ती ओळखू आली. वीस वर्षं तीन टिचक्याच मारते ती.

"बने," भिंतीपलीकडून रंगूचा आवाज आला. बारीक, घाबरलेला. "माझा डबा हाय न्हवं गं तुझ्याकडं? तेवढा दे की. कसा बी दे. रिकामा दे."

मी डबा मांडीवर घेतला. नाव लख्ख दिसत होतं.

"देते की," मी म्हणाले. "पण रिकामा कसा देऊ, रंगे? आपल्यात पद्धत नाही."